इंग्रजीच्या वर्गात काय बदलायला हवं

झिरकपूर हे नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नसतं. चंदीगडहून दिल्लीच्या वाटेला लागलं की शहराची हद्द संपता संपता हे गाव येतं. लोक पत्त्यात चंदीगड लिहितात, पण जिल्हा मोहाली आणि राज्य पंजाब. दिल्ली, पतियाळा आणि शिमल्याकडून येणारे रस्ते इथे एकत्र होतात. जिथे गहू आणि भात पिकत होता तिथे आता उंच इमारती आहेत, आणि मुख्य रस्त्यांवर इंग्रजीच्या क्लासचे फलक आहेत. चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय असल्यामुळे मराठी फौजी कुटुंबंही या भागात बरीच भेटतात. आमचं घर त्यातलंच एक. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच राहिलो. साताऱ्याकडच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याचा अनुभव गाठीशी होता, तो घेऊन मी घरीच वर्ग सुरू केला.

माझ्याकडे परदेशी जाऊ पाहणारी पंजाबी मुलं येतात. मुलांच्या शाळेत शिक्षकांशी धड बोलता यावं म्हणून सोसायटीतल्या आया येतात. नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आलेल्या मराठी सुना येतात. प्रत्येकाची गरज वेगळी, पण आधी कुठेतरी शिकून आलेल्या या सगळ्यांना शिकवलेलं मात्र एकाच पद्धतीनं असतं: नियम, याद्या, पाठांतर, लाल शाई. त्या पद्धतींकडे पुन्हा एकदा नीट पाहावं, एवढ्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. तयार उत्तर पहिल्या उपप्रश्नापर्यंतच टिकतं

आयईएलटीएस या परीक्षेला पंजाबात सगळे 'आयलेट्स' म्हणतात. 'सिक्स ईच' म्हणजे काय हे इथल्या खेड्यातल्या आजीलाही ठाऊक असतं: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत किमान सहा बँड. कॅनडाची 'स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम' ही झटपट व्हिसाची योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि तिची भाषेची अट हीच होती. २०२३ मध्ये अट सैल झाली, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी योजनाच बंद झाली. शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला आहे.

एखाद्या घरानं जमिनीचा तुकडा विकून मुलाला पाठवायचं ठरवलेलं असतं. इतकं पणाला लागल्यावर भीती येते, आणि भीतीला पाठांतरासारखा आधार नाही. म्हणून निबंधाचे साचे मिळतात. पहिला परिच्छेद तयार, शेवटचा तयार, मध्ये विषयाचं नाव घालायचं. बोलण्याच्या परीक्षेतल्या 'क्यू कार्डां'ची, म्हणजे विषय दिलेल्या कार्डांची, उत्तरंही तयार मिळतात. यात मुलांचा दोष नाही. त्यांना दुसरा रस्ता कुणी दाखवलेलाच नसतो.

पण ही बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. कार्ड हातात आल्यावर विचाराला एक मिनिट, बोलायला दोन मिनिटांपर्यंत. त्यानंतर परीक्षक त्याच विषयाचा धागा पकडून पुढचे प्रश्न विचारतो, आणि साचा नेमका तिथे संपतो. पाठ केलेलं बोलणं ओळखण्याचं प्रशिक्षण परीक्षकांना दिलेलं असतं, त्याचे गुणही कापले जातात.

डेराबस्सीची एक मुलगी 'तुम्हाला आदर वाटणारी व्यक्ती' या कार्डाचं उत्तर घडाघडा म्हणायची. उत्तरातले आजोबा निवृत्त शिक्षक होते. तिचे स्वतःचे आजोबा शेतकरी. मी तिला पंजाबीत विचारलं, 'तुझे दादाजी सकाळी उठून काय करतात?' तेव्हा ती थांबेचना. पहाटे ट्यूबवेलची पाळी, म्हशी, गुरुद्वारा, फाळणीत आलेल्या त्यांच्या आईच्या गोष्टी. त्यातली आठ-दहा वाक्यं आम्ही मिळून इंग्रजीत आणली. छोटी होती, चुकाही होत्या. पण मी मध्येच 'त्यांना सगळ्यांत जास्त राग कशाचा येतो?' असं इंग्रजीत विचारलं, तर तिच्याकडे उत्तर होतं. तेव्हापासून नमुना उत्तर मी शेवटी दाखवते. आधी मुलानं स्वतःचं बोलायचं, लिहायचं, मग एखादा चांगला नमुना वाचायचा आणि आपल्याला काय घेता येईल ते पाहायचं. क्रम बदलला की नमुन्याचाही खरा उपयोग होतो.

२. मातृभाषेला वर्गाबाहेर उभं करू नका

'वर्गात फक्त इंग्रजी' ही पाटी अनेक ठिकाणी असते. ती लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो: इंग्रजी जास्तीत जास्त कानावर पडावं. पण ज्याला अजून दहा वाक्यंही येत नाहीत तो या नियमानं इंग्रजी बोलू लागत नाही, गप्प बसतो. वर्ग शांत होतो आणि शिस्त आली असं वाटतं.

महाराष्ट्रात कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. पुढे भाषांतर ही जुनाट गोष्ट ठरली. आधी वाक्यरचनांचे सराव आले, मग संवादाची पद्धत आली. पाठमालेची एक मर्यादा खरी होती: तिच्यावर तयार झालेला माणूस पत्र उत्तम लिही, बोलताना मात्र अडखळे. पण तिच्यात एक शहाणपणही होतं. शिकणाऱ्याच्या डोक्यात एक पूर्ण भाषा आधीच आहे, हे तिनं गृहीत धरलं होतं. नव्या पद्धती आणताना आपण तेवढंच नेमकं टाकून दिलं.

मराठी माणूस पंजाबात शिकवतो तेव्हा त्याला एक गोष्ट फार लवकर दिसते. आपण म्हणतो 'मला भूक लागली', पंजाबी म्हणतो 'मैनूं भुख लग्गी'. दोन्हीकडे भूक येऊन माणसाला लागते. इंग्रजीत माणूस पुढे येतो आणि वाक्य चालवतो. आवडणं, आठवणं, थंडी वाजणं, सगळीकडे हाच फरक आहे. मी फळ्यावर मराठी, पंजाबी आणि इंग्रजी वाक्य एकाखाली एक लिहिते. सोलापूरची सून आणि पतियाळ्याचा मुलगा दोघांनाही तो फरक एकाच वेळी कळतो, आणि 'मी'पासून वाक्य का सुरू करायचं ते पुन्हा सांगावं लागत नाही.

नवा उतारा ऐकवण्याआधी मी दोन मिनिटं पंजाबीत किंवा हिंदीत त्याची हकीकत सांगते. मग इंग्रजी ऐकवते, आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरं इंग्रजीतच होतात. वर्गाचा बहुतेक वेळ इंग्रजीच चालतं, कारण काय चाललंय हे सगळ्यांना समजलेलं असतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. इंग्रजीच्या तासालाही मातृभाषेची जागा त्याच विचारानं मिळायला हवी.

३. पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायला लावणं थांबवा

एकानं एक परिच्छेद वाचायचा, मग पुढच्यानं. आपला परिच्छेद कितवा ते मूल मोजून ठेवतं आणि तो येईपर्यंत काही ऐकत नाही. स्वतः वाचतानाही सगळं लक्ष उच्चारावर, अर्थावर नाही. त्यापेक्षा शिक्षकानं छान वाचून दाखवावं, मुलांनी मनात वाचावं, त्यावर बोलणं व्हावं, आणि मग ज्याला जो भाग आवडला तो त्यानं तयारी करून मोठ्यानं वाचावा.

४. शब्द यादीतून येत नाहीत, गोष्टीतून येतात

शब्दांच्या याद्यांवर माझं इतरांशी सगळ्यांत जास्त बोलणं होतं, म्हणून इथे जरा थांबते. रोज वीस शब्द, समोर अर्थ, दुसऱ्या दिवशी चाचणी. मुलं चाचणीत पास होतात आणि महिन्याभरानं तोच शब्द वाक्यात आला तर ओळखत नाहीत.

मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात काम करत होता. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज आधी आहे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्यानं १९२६ मध्ये आपल्या अहवालात मांडलं. मग त्यानं मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला केली. पुढे १९५३ मध्ये त्याची नेहमी वापरल्या जाणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी आली. ती पाठांतरासाठी नव्हती. सोपी पुस्तकं लिहिणाऱ्यांना आणि निवडणाऱ्यांना ती उपयोगी पडावी, असा तिचा उद्देश होता. ही कल्पना आपल्याच उपखंडातल्या वर्गात वाढली, आणि आपण मात्र तिच्यातली यादी तेवढी घेतली.

न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी शब्दसंग्रहावर आयुष्य घालवलं. कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं २००० साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. आपली पाठ्यपुस्तकं या मापानं तपासून पाहा. आठवीच्या मुलाला एकेका ओळीत दोन-तीन अनोळखी शब्द भेटतात. ते वाचन राहत नाही, उकल होऊन बसते.

फिजी बेटांवर १९८० मध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगूभाई यांनी ग्रामीण शाळांत एक प्रयोग केला. चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे चित्रमय पुस्तकं दिली आणि रोज वीस-तीस मिनिटं मुलांना ती वाचू दिली, किंवा शिक्षकांनी वाचून दाखवली. नेहमीच्या सरावानं शिकणाऱ्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनात जवळजवळ दुप्पट वेगानं पुढे गेली. दुसऱ्या वर्षी त्यांचं लिहिणं आणि व्याकरणही सुधारलेलं दिसलं. महागडी यंत्रं लागली नाहीत, फक्त पुस्तकं आणि वेळ लागला.

आपल्याकडे आता पुस्तकांचीही अडचण फारशी उरलेली नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून हजारो गोष्टी फुकट आहेत: मराठीत, पंजाबीत, इंग्रजीत, आणि पायऱ्यापायऱ्यांनी लावलेल्या. माझ्याकडे येणाऱ्या आया आधी तीच गोष्ट पंजाबीत किंवा मराठीत वाचतात, मग इंग्रजीत. घरी मुलाला वाचून दाखवतात. मोठ्या बाईला लहान मुलाचं पुस्तक द्यायला मला संकोच वाटत नाही, कारण तिला ते मुलासाठी हवंच असतं. बडोद्याहून आलेली एक ताई आता मुलीला रोज रात्री इंग्रजी गोष्ट वाचून दाखवते, आणि शाळेत पालकसभेला न घाबरता जाते.

५. व्याकरणाचा क्रम पुस्तकाचा असतो, मुलाचा वेगळा असतो

'ही गो' नाही, 'ही गोज'. हा नियम पहिल्याच वर्षी शिकवला जातो आणि पदवीपर्यंत चुकत राहतो. शिक्षक वैतागतात, मुलं शरमतात. १९७०च्या दशकात ड्यूले आणि बर्ट यांनी इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी मुलांची तुलना केली. मातृभाषा इतक्या वेगळ्या, तरी इंग्रजीतली ही छोटी रूपं दोन्ही गटांनी जवळजवळ एकाच क्रमानं उचलली होती. 'गोज'मधला तो शेवटचा 'ज' फार उशिरा पक्का होणाऱ्यांपैकी आहे. नियम लवकर समजतो, जिभेवर उशिरा येतो. हे कळलं की शिक्षकाचा धीर वाढतो. सुरुवातीच्या मुलाला या चुकीसाठी मी बोलता बोलता कधी अडवत नाही. लिहिताना मात्र आठवण करून देते, कारण तिथे विचाराला वेळ असतो.

६. प्रश्न विचारून गप्प राहायला शिका

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. ते वर्ग विज्ञानाचे होते, आणि स्वतःच्या भाषेतले. परक्या भाषेत वाक्य जुळवायला मुलाला त्याहून जास्त वेळ लागणार. मनातल्या मनात पाच आकडे मोजा.

७. लाल शाई थोडी आणि नेमकी वापरा

पानभर लाल झालेली वही मूल मिटून ठेवतं. मी एका लिखाणात एकाच प्रकारची चूक धरते. या आठवड्यात भूतकाळाची रूपं, पुढच्या आठवड्यात 'अ' आणि 'द'. चूक जिथे आहे त्या ओळीसमोर फक्त खूण करते, सुधारायचं मुलानं. मग तेच लिखाण पुन्हा लिहायचं. दुसरा खर्डा हाच खरा अभ्यास, आणि आपल्या शाळांत नेमका तोच कधी होत नाही.

बोलण्यातल्या चुकांबद्दल १९९७ मध्ये लिस्टर आणि रांटा यांनी मॉन्ट्रियलच्या फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांत पाहणी केली. शिक्षक बहुतेक वेळा मुलाचं वाक्य स्वतःच दुरुस्त करून म्हणत होते, आणि मुलं ते फारच कमी वेळा उचलत होती. 'काय म्हणालास? पुन्हा सांग' अशा तऱ्हेनं विचारलं की मुलं स्वतः दुरुस्त करत होती. माझ्या वर्गातही हेच दिसतं. दुरुस्तीचं काम मुलाकडेच राहू द्यावं.

८. बोलायला कारण द्या

'आता दोघं दोघं एकमेकांशी बोला' असं सांगून संवाद होत नाही. दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत असतं, आणि पंजाबीत ते आधीच बोलून झालेलं असतं.

याचं फार चांगलं उत्तर भारतातच शोधलं गेलं. एन. एस. प्रभू यांनी बंगळूरच्या इंग्रजी संस्थेतून १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. व्याकरणाचा धडा नाही, पाठांतर नाही. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टींवर विचार करायला लावणारं काम. शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर तोंडी एक काम सोडवायचे, मग तसंच दुसरं काम प्रत्येक मुलानं एकट्यानं करायचं. मूल अर्थाच्या मागे लागलं की भाषा आपोआप अंगवळणी पडते, हा त्यामागचा विश्वास. आज जगभर कार्याधारित शिक्षणावर लिहिणारे या प्रकल्पाचं नाव आवर्जून घेतात. मोठ्या वर्गांच्या शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: प्रभूंचा भर गटकार्यावर नव्हता. बाकं हलवायला जागा नाही म्हणून हे जमणार नाही, असं म्हणायचं कारण उरत नाही.

मी कामं इथल्या जगण्यातून घेते. बीजींना, म्हणजे आजींना, चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात सकाळी आठला पोचायचं आहे, त्यांना चालताना त्रास होतो. झिरकपूरहून कोणती बस, कुठे बदलायची, रिक्षानं किती, किती वाजता निघायचं? हातात वेळापत्रक असतं, उत्तर एकच नसतं. 'बिकॉज' आणि 'इफ' या दोन शब्दांचा जितका सराव या कामात होतो, तितका रिकाम्या जागा भरून होत नाही. साताऱ्याच्या शिक्षकानं यात सिव्हिल हॉस्पिटल आणि एसटीचं वेळापत्रक घालावं.

९. एकच उत्तम पद्धत शोधू नका

याच प्रभूंनी १९९० मध्ये एक लेख लिहिला, उत्तम अशी एकच पद्धत का नसते यावर. हे असं का करावं, यानं शिकणं खरंच होतं का, याची शिक्षकाच्या मनातली जाणीव जिवंत असली तर बऱ्याच पद्धती चालतात. ती विझली की चांगली पद्धतही नुसता रिवाज होते, असा त्याचा आशय. माझ्या वर्गात भाषांतर आहे, गोष्टी आहेत, कामं आहेत, थोडं पाठांतरही आहे. लहान मुलांना कविता पाठ करायला फार आवडतं, आणि मी त्यांना ती करू देते. प्रत्येक गोष्टीला मी एकच कसोटी लावते: या तासात या मुलाला समजेल असं इंग्रजी किती मिळालं, आणि त्याला स्वतःचं काही सांगावंसं वाटलं का?

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आता स्वतः पालक होऊ लागली आहेत. २०२२च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या २४.५ टक्के आणि आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता येतात. पाचवीचा आकडा २०१६ साली जवळपास इतकाच होता. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत, पण नुसती लवकर सुरुवात करून भागत नाही, असं त्यांवरून वाटतं. प्रश्न तासात काय घडतं याचा आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. यंदाच्या खरेदीत व्याकरणाच्या गाइडांऐवजी सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तकं घ्या, ती कपाटात कुलूपबंद ठेवू नका, आणि वेळापत्रकात रोज वीस मिनिटं वाचनासाठी राखून ठेवा. शिक्षकांनी त्या वेळात वह्या तपासू नयेत, मुलांबरोबर बसून वाचावं.